पिवळे आबा आणि पाचोऱ्याची किडनी

आमच्या घरात रोगप्रतिकारशक्ती वाढवायला बंदी आहे. हे वाक्य मी आल्यागेल्याला इतक्या वेळा ऐकवलं आहे की दारावर पाटीच लावावी असं मनात येतं. करोनाच्या आधी हा शब्द माझ्या विज्ञानाच्या पुस्तकाबाहेर फारसा कुणाला ठाऊक नव्हता. नंतर मात्र जळगावात जो उठला तो काढे उकळायला लागला. आमचा भाजीवाला शेवग्याच्या शेंगा तोलताना "इम्युनिटी वाढते ताई" म्हणायचा आणि मी पिशवी मागे ओढून घ्यायचे. त्या बिचाऱ्याला काय माहीत, की माझ्या नवऱ्याच्या पोटात माझी किडनी बसवलेली आहे आणि त्याची ही शक्ती वाढली की माझी किडनी गेली.

नीट सांगते, नाहीतर लोक मला वेडी समजतात. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या थकल्या, डायलिसिस सुरू झालं, आणि शेवटी नाशिकला ऑपरेशन करून माझी एक त्याला दिली. आता आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्यातल्या टी पेशींचं काम म्हणजे आपलं कोण आणि परकं कोण ते ओळखणं. परकं दिसलं की धरून हाणायचं. या पेशींना लग्नबिग्न कळत नाही. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही माझी किडनी त्यांच्या लेखी परकीच. म्हणून सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळेला गोळ्या घ्यायच्या आणि त्या पहारेकऱ्यांना पेंगत ठेवायचं. फारच झोपले तर बाहेरचा कुठलाही जंतू आत शिरतो, पूर्ण जागे झाले तर किडनीवर तुटून पडतात. नववीच्या वर्गाला मी हे एका तासात शिकवते. सासरच्यांना शिकवणं मला काही जमलं नाही.

माझं माहेर पाचोऱ्याचं. त्यामुळे किडनीही पाचोऱ्याची झाली. ऑपरेशनच्या आधी आम्ही खरेच नवरा-बायको आहोत का याची खातरजमा करायला परवानगी देणाऱ्या समितीतल्या साहेब लोकांनी लग्नाचा फोटो मागितला होता. आमच्या त्या फोटोत मी कॅमेऱ्याकडे रागाने बघते आहे आणि नवरा मांडवाच्या खांबाकडे. साहेबांनी फोटो बघितला, मग आम्हाला बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे, खरंच आहे." ऑपरेशन झालं, नवऱ्याच्या तोंडावर तेज आलं. तो हसला-खिदळला की पाचोऱ्याचे लोक म्हणायचे, आमची किडनी. तो चिडला, आवाज चढवला, की सासरचे म्हणायचे, तिची किडनी.

सासरचे म्हणजे मुख्यतः अक्का. नवऱ्याची मोठी बहीण, धुळ्याला दिलेली. भावाला किडनी मीच देणार म्हणून अक्का पहिल्यांदा पुढे आल्या होत्या. पिशवी भरून, खोबरेल तेलाची बाटली आणि चादर घेऊन थेट नाशिकला हजर. पण त्यांना साखरेचा आजार, त्यामुळे डॉक्टरांनी नाही म्हटलं. अक्का डॉक्टरांना अहिराणीत म्हणाल्या, "आजपाइन चहामा साखर बंद." डॉक्टरांनी समजावलं की तेवढ्याने भागत नाही. अक्कांनी त्या दिवसापासून डॉक्टरांना माफ केलं नाही, साखरेला केलं नाही, आणि मला तर नाहीच. बाई मनाने सोन्यासारखी आहे, ते मी आजही म्हणते. पण आपल्या भावाच्या पोटात परक्या घरची किडनी, हे शल्य त्यांना काही सोडत नव्हतं.

मग काय, किडनी देता आली नाही तर ताकद देऊ, असं अक्कांनी मनावर घेतलं. धुळ्याहून एसटीने डबे यायला लागले. गुळवेलीच्या काड्या, अश्वगंधाची भुकटी, आवळ्याचं कायकाय. मी प्रत्येक वेळी फोन करून सांगायचे, "अक्का, यांना हे चालत नाही. यांच्या पेशी जाग्या व्हायला नकोत." अक्का म्हणायच्या, "हा, हा," आणि पुढच्या एसटीने पुढचा डबा. पालथ्या घड्यावर पाणी. मी ते सगळं शेजारीपाजारी वाटून टाकायचे. आमची गल्ली त्या वर्षी भलतीच धडधाकट झाली.

अक्कांचा मुलगा चीनमध्ये डॉक्टरकी शिकायला होता. हल्ली आमच्याकडची बरीच मुलं जातात. तो शिकून परत आला, इकडची परीक्षा देण्यासाठी घरी अभ्यासाला बसला, आणि आखाजीला आईला घेऊन आमच्याकडे आला. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण खानदेशात ती नुसती तिथी नसते, लेकीबाळींचा सण असतो. लग्न होऊन आजी झालेली बाईसुद्धा त्या दिवशी माहेरी येते आणि लेक म्हणून मिरवते. अक्कांचं माहेर म्हणजे आमचं घर. आणि आखाजीला माहेरवाशिणीचं मन मोडायचं नसतं. ती जे देईल ते दोन्ही हातांनी घ्यायचं आणि त्या दिवशी तिच्याशी वाद घालायचा नाही. हा नियम कुणी केला ते मला माहीत नाही, पण करणारीला स्वतःला नणंद नसावी.

बाहेर जळगावचं वैशाखातलं ऊन. अंगणात चुलीवर खापर तापलेलं, त्यावर अक्का मांडे टाकत होत्या. हातावर पुरणाची पोळी फिरवत फिरवत परातीएवढी करायची आणि तापल्या खापरावर टाकायची, हे काम अक्कांसारखं दुसऱ्या कुणाला जमत नाही, मला तर नाहीच नाही. मी आमरस काढत होते. मांडे झाले, घाम पुसत अक्का आत आल्या आणि त्यांनी पिशवीतून एक पुडकं काढलं. त्यावर सगळी चिनी अक्षरं. आत वाळलेल्या मुळाच्या पिवळट चकत्या. दिसायला ज्येष्ठमधासारख्या, वासाला पावसाळ्यात बंद राहिलेल्या खोलीसारख्या.

"हे काय?" मी विचारलं.

भाच्याने सांगितलं, "मामी, हे तिकडचं मूळ आहे. चिनी लोक कोंबडीच्या रश्श्यात टाकून उकळतात. मी ज्यांच्याकडे राहायचो त्या मावशींनी निघताना आईसाठी दिलं. याच्या चिनी नावाचा अर्थ साधारण पिवळा वडील माणूस असा होतो."

"म्हंजे पिवळा आबा," अक्का म्हणाल्या.

झालं. बारसं तिथेच उरकलं. त्या दिवसापासून आमच्या दोन्ही घरांत त्या मुळाला पिवळे आबा म्हणायला लागले.

भाचा मुलगा शहाणा. त्याने मामाला समोर बसवून सगळं नीट समजावलं. म्हणाला, "मामा, बशीत पांढऱ्या पेशी ठेवून त्यांच्यावर या मुळाचा अर्क टाकला, की पेशी चळवळ्या होतात, टी पेशी वाढतात, जंतू गिळणाऱ्या पेशी जास्त गिळायला लागतात, असं दिसतं. पण ते बशीत. माणसाने प्यायल्यावर पोटातून, रक्तातून जाऊन नेमकं काय होतं ते छातीठोकपणे कुणी सांगत नाही. आणि तुमच्या बाबतीत तर हा प्रयोगच नको. तुमच्या पेशी झोपलेल्याच बऱ्या."

नवरा मान डोलवत होता. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. इतकी वर्षं मी ओरडत होते ते शेवटी त्यांच्याच घरचा डॉक्टर बोलला.

अक्कांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाल्या, "बशीमा व्हस, मग मन्हा भाऊना आंगमा काबर नही व्हस?"

भाच्याने कपाळाला हात लावला. मी तोंड उघडलं आणि आखाजी आठवून मिटलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

जेवायला बसलो. अक्कांनी भावाला स्वतःच्या हाताने आमरसाची वाटी वाढली. त्यांचा हात वाटीवर जरा जास्तच रेंगाळला, हे मी बघितलं. शाळेत इतकी वर्षं परीक्षेला पर्यवेक्षण केलंय, कुणाचा हात कुठे जातो ते मला पाठमोरीलाही कळतं. वाटीत कडेला पिवळी भुकटी, चकत्या कुटून केलेली. "अहो, तुमचा रस जास्त गोड दिसतोय," म्हटलं आणि ती वाटी उचलून माझी त्याच्यापुढे ठेवली. अक्का बघत राहिल्या. टाकून द्यावी तर माहेरवाशिणीने वाढलेलं. शेवटी मीच तो रस खाल्ला, भुकटीसकट. हापूस-बिपूस सगळं बाजूला राहिलं, तोंडात माती.

निघताना अक्कांनी ते पुडकं दोन्ही हातांनी माझ्या ओटीत घातलं. "भाऊले देत जाय. मन्हा हातनं काहीच लागनं नही त्याले." असं म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आता अशा बाईला काय बोलणार? मी पुडकं घेतलं, नमस्कार केला आणि त्या रिक्षात बसल्याबरोबर ते गव्हाच्या कोठीमागे कोंबलं. टाकवत नव्हतं आणि ठेववत नव्हतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

रोज संध्याकाळी धुळ्याहून फोन. "आबा लेस का भाऊ?"

"घेतात ना, अक्का," मी म्हणायचे. काय करू? खरं सांगितलं असतं तर अक्का पुढच्या एसटीने स्वतः आल्या असत्या आणि वाटीवर हात घेऊन बसल्या असत्या. पण थापेचं असं असतं, ती एकटी राहत नाही. भाऊ आबा घेतो म्हटल्यावर फरक काय पडला ते सांगावं लागलं. फरक पडला म्हटल्यावर अक्कांनी ते धुळ्यात बठ्ठ्यांना, म्हणजे झाडून सगळ्यांना, सांगितलं. महिन्याभरात नात्यातले लोक मला फोन करून विचारायला लागले, पिवळे आबा कुठे मिळतात म्हणून. ऑपरेशन मी करून घेतलं, पोटावर वीतभर व्रण माझ्या, गोळ्यांची वेळ पाळणारी मी, आणि किडनी चालवतात कोण, तर पिवळे आबा. राग येईल नाहीतर काय होईल?

याच सुमारास माझ्या चहाची चव गेली. आमच्याकडे सकाळचा चहा नवरा करतो. पूर्वी करत नव्हता. त्याचं पाईप आणि ठिबकच्या सामानाचं दुकान, तिथे तो प्रत्येक नळीचा व्यास तोंडपाठ सांगेल, पण घरात साखर कुठल्या डब्यात आहे ते त्याला ठाऊक नव्हतं. ऑपरेशननंतर एक दिवस उठले तर पुढ्यात चहा. मी स्टाफरूममध्ये हे इतक्या वेळा सांगितलं की एका बाईंनी शेवटी विचारलं, "बाकीच्या वेळी काही करतात का?" ते असो. तर तो चहा आखाजीनंतर मातकट लागायला लागला. आधी वाटलं चहापत्ती बदलली. मग दूधवाल्याला धरलं. तो म्हणाला, "ताई, मी दुधात पाणी घालतो, ते तुम्हालाही माहीत आहे. माती घालत नाही." नवऱ्याला बोलावं तर माणूस हौसेने करतोय, हिरमुसला तर उद्यापासून माझ्याच गळ्यात. पदरी पडलं पवित्र झालं, म्हणून रोज कप रिकामा करायचे.

पावसाळ्याच्या तोंडाला अक्कांनी दुसरं पुडकं पाठवलं. ते कोठीमागे ठेवायला गेले आणि आधीचं बाहेर ओढून उघडलं. पहिलं पुडकं निम्म्याहून अधिक रिकामं होतं.

घरात माणसं दोन. मी घेत नाही. मग घेतो कोण, हे सांगायला विज्ञान लागत नाही. मला रडू यायच्या आधी राग आला, माझं नेहमी असंच होतं. हा माणूस माझी किडनी पोटात घेऊन माझ्या मागे हे धंदे करतो? बहिणीच्या शब्दाला इतकी किंमत आणि माझ्या किडनीला काही नाही? पण नुसतं ओरडून तो कबूल होणार नव्हता, त्याला मी ओळखून आहे. रंगेहाथ पकडायचं ठरवलं.

मी त्याच्या तोंडाचा वास घेतला. त्याला वाटलं मी लाडात आले आहे, तर तो लाजला. मी त्याच्या दुकानाच्या डब्यात बोटं घालून भाजी हुंगली. पाण्याची बाटली चाखली. रात्री जेवताना अचानक विचारलं, "अहो, तुम्ही काही घेताय का?"

"भाकरी," तो म्हणाला. पण बघितलं मात्र ताटाकडे. चोराच्या मनात चांदणं.

तेव्हापासून मला झोप लागेना. त्याच्या आत नेमकं काय चाललं असेल ते मला पुस्तकासारखं दिसायचं. एकेक टी पेशी डोळे चोळत उठते आहे, शेजारणीला उठवते आहे, आणि सगळ्या मिळून माझ्या किडनीकडे वळून म्हणताहेत, ही कोण? वर्गात शिकवताना फळ्यावर पेशी काढली की मी ती लगेच पुसून टाकायचे. ही किडनी गेली तर दुसरी नाही. परत ते डायलिसिसचं मशीन, परत त्याचं ते राखाडी तोंड. त्या दिवसांत तो जिवंत होता एवढंच, बाकी त्याच्यात काही उरलं नव्हतं. मला ते पुन्हा बघायचं नव्हतं, बस.

शेवटी इथल्या, जळगावच्या डॉक्टरांकडे जायची तारीख आली. दर खेपेला त्याचं रक्त तपासतात आणि वर्षातून एकदा माझंही. मी ठरवून गेले होते. त्याचा रिपोर्ट बिघडलेला निघणार, डॉक्टर विचारणार, आणि मग मी पुडकं टेबलावर ठेवणार. पर्समध्ये घेऊनच गेले होते.

डॉक्टरांनी त्याचा रिपोर्ट बघितला. "उत्तम," म्हणाले. "असंच चालू द्या."

मी गोंधळले. त्यांनी माझा कागद उचलला, चष्मा वर केला आणि परत खाली आणला. "तुमचं क्रिएटिनिन मागच्यापेक्षा थोडं वाढलंय. घाबरण्याइतकं नाही, पण वाढलंय. पाणी कमी पिता का? काही औषध, चूर्ण, काढा वगैरे घेताय?"

"मी?" मी म्हणाले. "डॉक्टर, आमच्या घरात काढ्याचं नाव काढायची कुणाची हिंमत नाही. मी काहीही घेत नाही."

"घेते," नवरा म्हणाला.

मी वळून बघितलं. त्याचा चेहरा शाळेच्या मैदानातल्या चुन्यासारखा पांढरा झाला होता.

"मी देतो तिला," तो डॉक्टरांना म्हणाला. माझ्याकडे बघायची छाती नव्हती त्याची. "रोज, फक्त तिच्या चहात. कोठीमागच्या पुडक्यातल्या दोन चकत्या उकळून, गाळून. भाच्याला विचारलं होतं, चांगल्या माणसाला चालतं का म्हणून. तो म्हणाला तिकडे लोक रश्श्यात टाकून पितात. कुणासाठी ते मी सांगितलं नाही त्याला."

मी पर्समधून पुडकं काढलं आणि टेबलावर आपटलं. दुसरं काही सुचेना म्हणून म्हणाले, "रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

डॉक्टर आधी हसले. मग हसायचे थांबले आणि त्यांनी आम्हाला असं झापलं की बाहेरचे पेशंट डोकावून गेले. "या पुडक्यात नक्की काय आहे ते मला वाचता येतं का? तुम्हाला येतं का? यात दुसरं कुठलं मूळ मिसळलं असेल तर? अशा काही मुळ्यांनी धडधाकट माणसाच्या किडन्या गेलेल्या आहेत. मूळ वाईट आहे असं मी म्हणत नाही, मला माहीत नाही असं म्हणतोय, आणि तुम्हालाही माहीत नाही. बाईंच्या पेशी झोपलेल्या नाहीत, त्यांना उठवायला कुणी सांगितलं? तुमच्या घरात माणसं दोन, चालत्या किडन्या दोन, आणि त्या दोन्ही बाईंच्या. त्यातल्या एकीवर प्रयोग करायचा नाही."

पंधरवड्याने परत तपासलं तेव्हा माझं रक्त जागेवर आलं होतं. पिवळे आबा बंद झाले म्हणून की मी पाणी प्यायला लागले म्हणून, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. अक्कांना मी सगळं खरं सांगितलं, माझ्या थापांसकट. मला वाटलं आता एसटी पकडणार. पण त्यांनी विचारलं, "तुले बरं शे ना, माय?" आमच्या नात्यात हा प्रश्न पहिल्यांदाच इकडे वळला होता.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी नवऱ्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही, विद्यार्थी वाचतील. रिक्षात बसल्यावर परत सुरू केलं. "मला विचारायचं तरी होतं."

"विचारलं असतं तर घेतलं असतंस?"

"नसतं घेतलं."

"मग?"

"मग काय मग? इतके दिवस मी तुमच्यावर पाळत ठेवली. तुमचे डबे हुंगले. मला वाटलं तुम्ही माझी किडनी घालवताय. मला झोप नव्हती, कळतंय का तुम्हाला? आणि तुम्ही सुखाने मला माती पाजत होतात."

रिक्षा नेहमीच्या गर्दीत अडकली. मी अजून दोन-तीन गोष्टी सुनावल्या. मग तो बाहेर रस्त्याकडे बघत बोलायला लागला, ऐकायला वाकावं लागेल इतक्या हळू.

"हिवाळाभर खोकत होतीस तू. शाळेतून आलीस की जिन्यात मध्येच बसायचीस. मी वरून बघायचो. मला घरी-दारी सगळे विचारतात, कसं काय, तब्येत कशी. तुला कुणी विचारत नाही. मीसुद्धा विचारलं नाही, कारण तू म्हणणार, मला काय धाड भरलीय. तुझी राहिलेली ती एक बिघडली तर तुला द्यायला माझ्याकडे काय आहे? एकच आहे. आणि ती तुझीच आहे."

मला उत्तर नाही असं कधी होत नाही. संसारात, शाळेत, बसस्टँडवर, कुठेच नाही. तेव्हा मात्र मी तोंड उघडलं आणि त्यातून शब्दाऐवजी हुंदका आला, तोही चांगला मोठा. भर रस्त्यात, दुपारच्या उन्हात, मी पदर तोंडाला लावून रडले. मला त्या माणसाचा इतका राग आला होता आणि तो मला इतका हवा होता, की दोन्ही एकदम सांगणार कसं? मी नुसता त्याचा हात धरला. तोही रडत होता.

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि रिक्षा बाजूला घेतली. मागे वळून त्याने अगदी काळजीने विचारलं, "भाऊ, परत दवाखान्यात नेऊ का? पेशंट कोण आहे तुमच्यातलं?"

नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि मी त्याच्याकडे. रिक्षावाल्याने आम्हाला घरी सोडलं.